रहिमतुल्ला मिस्त्रीचं प्लास्टर

ड्रिल भिंतीत फार सहज शिरलं, तिथेच रहिमतुल्ला मिस्त्रीने बटणावरचं बोट काढलं.

बहरीनमधल्या मनामा शहरात, सेंट बोटॉल्फ नावाच्या इंग्रजी चर्चच्या टॉवरमध्ये, जमिनीपासून पंचवीस फुटांवर, तो परांचीवर उभा होता. साल सत्त्याण्णव, महिना नोव्हेंबर, वार मंगळवार. वर्षानुवर्षं मुकी पडलेली घंटा येत्या शुक्रवारी वाजवायची होती, आणि तिच्यासाठी सागवानाची नवी चौकट भिंतीला बोल्टनी आवळायची होती. पहिला इंचभर ड्रिल नुसतं किंचाळलं, कारण तो इंच सिमेंटचा होता आणि रहिमतुल्लाच्या हातचा होता. त्यापुढे आवाजच बंद झाला. बिट भसकन मुठीपर्यंत आत गेलं. बाहेर ओढलं तर त्याच्यामागून पांढरी, ओलसर भुकटी घरंगळली. त्याने ती बोटावर घेऊन जिभेला लावली. मीठ होतं.

आठ भोकं पाडायची होती. त्याने आठही पाडली. सहा भोकांतून मीठच आलं.

मग त्याने खाली वाकून पाहिलं. खाली कोणी नव्हतं. पुतण्या नजीब बाहेर लाकूड रंधत होता. रहिमतुल्लाने पाटीत दोन थाप्या सिमेंट कालवलं, सहाही भोकं गच्च भरली, ओल्या सिमेंटमध्येच बोल्ट बसवले आणि वरून थापी अशी फिरवली की त्याच्या बापालाही पत्ता लागला नसता. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसाने असं करू नये. त्याने केलं.

रहिमतुल्ला दाभोळच्या खाडीकाठचा. बाप जांभ्याच्या खाणीवर होता आणि पोरगा दहाव्या वर्षी थापी धरायला शिकला. चौऱ्याहत्तर साली बहरीनला आला, तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. तेव्हापासून एकच कंपनी, एकच खोली, बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत. दोन वर्षांनी एकदा दोन महिने घरी, बायको अख्तरुन्निसाकडे. अंगाने काटकुळा, तोंडाने कमी, पण कामाच्या बाबतीत असा हट्टी की शिरीषसाहेबासारखे इंजिनिअरसुद्धा त्याच्याशी वाद घालताना आधी पाणी पिऊन घेत. आपल्या हातचं काम आजवर एकदाही उतरवावं लागलेलं नाही, हे तो स्वतः कधी बोलला नाही. पण दुसरं कोणी बोललं की तिथेच घुटमळत उभा राहायचा.

आणि हे सेंट बोटॉल्फ म्हणजे त्याचा जीव की प्राण. नमाजी माणूस, चर्चशी त्याचं काय नातं, असं नजीब त्याला चिडवायचा. नातं भिंतीशी होतं.

आता त्या चर्चची कूळकथा थोडी सांगायला हवी, कारण ती ऐकण्यासारखीच आहे. इंग्लंडात सफक नावाच्या परगण्यात एका खेड्याचं जुनं चर्च आहे. ते काही एका माणसाने बांधलेलं नाही. आधी कोणीतरी गावाचं रक्षण व्हावं म्हणून जाड भिंतींचा, अर्धगोल कमानीचा टॉवर उभा केला. शंभर-दीडशे वर्षांनी कमानींची तऱ्हा बदलली, तेव्हा पुढचं लांब दालन टोकदार कमानींचं झालं. मग लोकरीच्या व्यापारात गबर झालेल्या कोण्या शेठने छप्पर उंच करून मोठमोठ्या खिडक्या पाडल्या. दक्षिणेला ओसरी आली, दाराशी बाप्तिस्म्याचं दगडी पात्र आलं, पूर्वेला रंगीत काचेची खिडकी आली. सहाशे वर्षांत ते असं वाढत गेलं, ज्याला जसं सुचलं आणि परवडलं तसं.

त्या गावचा एक इंजिनिअर पस्तीस साली बहरीनला नोकरीला होता. त्याला गावाची आठवण येई. आठवण आली तर माणसाने पत्र लिहावं. याने चर्चचा नकाशा मागवला आणि सहाशे वर्षांचं काम अठरा महिन्यांत उरकलं. अर्धगोल कमान टॉवरला, टोकदार कमानी दालनाला, सगळं जिथल्या तिथे. बर्फ घसरावा म्हणून उतरतं छप्परही जसंच्या तसं केलं, इथे पाऊस म्हणजे वर्षातून चार शिंतोडे! मूळ टॉवरच्या अंगावर जुन्या, बुटक्या छपराचा वण राहिलाय, तोही या पठ्ठ्याने दगडात हुबेहूब कोरून घेतला. जे छप्पर इथे कधी नव्हतंच, त्याचा वण. चर्चचे विश्वस्त हार्ग्रीव्हसाहेब पाहुण्यांना तो वण दाखवून दर वेळी नव्याने हसत.

फक्त एक गोष्ट त्याला सफकहून आणता आली नाही, ती म्हणजे दगड. तिकडचा दगड गारगोटीचा. इथे त्याने इथल्या लोकांचाच दगड घेतला, ओहोटीला समुद्राच्या तळातून लाद्यांसारखा काढतात तो, सच्छिद्र आणि हलका. त्यावर इथलाच जिप्समचा गिलावा दिला. त्या गिलाव्याची दर दोन वर्षांनी सालं निघत. जमिनीतलं खारं पाणी भिंतीत चढे, गिलाव्यातून वाळून जाई आणि जाताना मिठाचे फुलोरे ठेवून जाई. मग शेजारच्या मुहर्रक बेटावरचा म्हातारा गवंडी हाजी मर्हून गाढवावर पोतं टाकून येई, खराब झालेला गिलावा खरवडून नवा देई आणि दोन वर्षांनी पुन्हा येई. इंग्रज मंडळी वैतागली होती. भिंत आहे की सापाची कात, म्हणत.

एकोणऐंशी साली हे दुखणं रहिमतुल्लाच्या कंपनीकडे आलं. रहिमतुल्ला अडतिसाचा होता, अंगात रग होती. त्याने भिंत पाहिली आणि मनात म्हणाला, हात्तिच्या! कोकणात जांभ्याची घरं पावसाने खंगतात, त्यावर उपाय त्याच्या गावात शेंबडं पोरही सांगेल: सिमेंटचं प्लास्टर द्या, पाणी आत शिरायला नको. त्याने टॉवरचा गिलावा आतून बाहेरून पार खरवडला. एकास चार असा सिमेंट-वाळूचा माल घेतला, इंचभर जाड प्लास्टर चढवलं आणि एकवीस दिवस ओली गोणपाटं लावून, दिवसातून सहादा पाणी मारून ते पिकवलं. बहरीनच्या जुलैमध्ये. तीन मजूर पळून गेले, हा हलला नाही. प्लास्टर असं झालं की त्यावर ओळंबा धरला तर दोरी कुठेही कागदाएवढीसुद्धा सुटेना.

हाजी मर्हून एकदा ते बघायला आला होता. हात फिरवून मोडक्या हिंदीत एवढंच म्हणाला, "अच्छा है. लेकिन दिवार को पसीना आता है. किधर जाएगा?" रहिमतुल्लाला वाटलं, म्हातारा पोटावर पाय आला म्हणून बोलतोय. त्याने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला.

हे सगळं मंगळवारी त्या परांचीवर त्याच्या डोक्यात लख्ख उजाडलं. कोकणात पाणी वरून येतं. इथे ते खालून येतं. वरून येणारं पाणी अडवायची विद्या त्याने खालून येणाऱ्या पाण्यावर चालवली होती. अठरा वर्षं ते खारं पाणी भिंतीत चढत राहिलं आणि बाहेर पडायला त्याला एकही फट मिळाली नाही, इतकं त्याचं काम चोख होतं. मीठ आतल्या आत फुललं, दगडाची भुकटी झाली. हापूसला साका लागतो तसं झालं होतं. वरून रंग, देठ, वास सगळं ठीक, आणि कापल्यावर आत पांढरं. टॉवर आता त्याच्या इंचभर प्लास्टरच्या जोरावर उभा होता, आणि शुक्रवारी त्या टॉवरमध्ये साडेतीनशे किलोची घंटा झुलणार होती. टॉवरखालचा दरवाजा हाच चर्चचा मोठा दरवाजा. दोनशे माणसं त्याखालून आत जाणार होती आणि गाणाऱ्या शाळकरी मुलांची रांग नेमकी तिथेच उभी राहणार होती.

बुधवारी सकाळी हार्ग्रीव्हसाहेब हातात कागद घेऊन आले. एकाहत्तर वर्षांचा, पाठीत वाकलेला, लालबुंद माणूस. बहरीनमध्ये पस्तीस वर्षं काढून आता कायमचा परत चालला होता. त्याचं लहानपणही सफकच्याच बाजूला गेलेलं. तिथल्या चर्चमध्ये त्याने पोरवयात घंटेचा दोर ओढला होता आणि इथून जाण्याआधी त्याला तो एकदा इथेही ओढायचा होता. या घंटेचा सगळा घाट त्यासाठीच होता.

"रहिम, इकडे ये," त्याने हाक मारली. तो रहिमतुल्लाशी इंग्रजी आणि हिंदीची खिचडी करून बोलायचा. साठाव्या वर्षाची पुस्तिका छापून आली होती, चर्चच्या इतिहासाची. त्याने शेवटचं पान उघडलं आणि शिरीषला म्हणाला, "तुझ्या भाषेत वाचून दाखव याला."

शिरीष पुण्याचा. कंपनीत सहा वर्षं झालेला, घाईगर्दीचा पण मनाने सरळ. त्याने वाचलं: "'या वास्तूच्या भिंती आज ज्यांच्यामुळे उभ्या आहेत, ते रत्नागिरी जिल्ह्याचे कारागीर रहिमतुल्ला यांचे आम्ही ऋणी आहोत. त्यांनी केलेल्या कामाला अठरा वर्षांत एक तडा गेलेला नाही.' मिस्त्री, छापलंय हो तुमचं नाव! शुक्रवारी सगळ्यांपुढे वाचणार आहेत."

तेवीस वर्षं रहिमतुल्ला या देशात नुसता एक नंबर होता. कार्डावर नंबर, हेल्मेटवर नंबर. आता छापील अक्षरांत नाव आलं होतं, गावाच्या जिल्ह्यासकट. पुस्तिका घरी नेली असती तर शाळामास्तरांनी ती मोठ्याने वाचली असती आणि अख्तरुन्निसाने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले असते. हे सगळं त्याला दिसलं. हार्ग्रीव्हने त्याचा हात धरून हलवला. तो हात कालच्या सिमेंटने अजून खरखरीत होता. रहिमतुल्लाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थँक्यू सर," तो म्हणाला.

गुरुवारी दुपारी घंटा चढवली. साखळी, कप्पी, आठ माणसं आणि रहिमतुल्लाचा आवाज. चौकट जुन्या दगडी आधारांवर बसली, बोल्ट आवळले गेले. सगळे खाली उतरल्यावर रहिमतुल्लाने एक काम कोणाला न विचारता केलं. चौकटीच्या उत्तरेच्या टोकापासून ओळंबा खाली सोडला आणि शिसं जिथे स्थिर झालं त्याच्या बरोबर खाली फरशीवर पेन्सिलने फुली मारली.

हार्ग्रीव्हने दोर धरला. हातांना सवय आठवली असावी, कारण पहिल्याच ओढीला घंटा डुलली, दुसऱ्या ओढीला बोलली, आणि तिसऱ्या ओढीला साऱ्या गल्लीतली कबुतरं उडाली. टॉवरच्या भिंतीतून एक बारीक थरथर पायांपर्यंत आली.

"टॉवर हलला," नजीब पुटपुटला.

हार्ग्रीव्ह खुशीत हसला. "हलणारच! आमच्याकडे सगळे टॉवर घंटेबरोबर डुलतात. मी लहानपणी भिंतीला पाठ लावून बसायचो, झोका मिळायचा." यात खोटं काही नव्हतं. जाड दगडी टॉवर डुलतात आणि परत जागेवर येतात.

रहिमतुल्लाचं लक्ष शिशाकडे होतं. शिसं बराच वेळ झोके घेत राहिलं, मग लहान लहान होत थांबलं. फुलीपासून अर्धं बोट बाहेर थांबलं. टॉवर गेला होता आणि परत आला नव्हता.

त्याने शिरीषला बाजूला घेतलं. "साहेब, ओळंबा बगा. अर्धा बोट सरकलाय."

शिरीषने वाकून पाहिलं. "दोरी नवी आहे का? ताणली असेल."

"माजी दोरी वीस वर्षांची हाय."

"मग फुली मारताना हात हलला असेल, मिस्त्री. वरची चौकट नवी, लाकूड बसतंय जागेवर." शिरीष घड्याळाकडे बघत होता. "आत्ताच फिटनेस सर्टिफिकेटवर सही केलीय मी. तुम्हीच तर म्हणालात सगळे बोल्ट टाइट आहेत. आहेत ना?"

आत्ता बोलायला हवं होतं. शब्द ओठांवर आला होता. पण तो बोलायचा म्हणजे आधी मंगळवारची सहा भोकं बोलायला हवी होती, आणि त्याआधी एकोणऐंशीचा जुलै. हार्ग्रीव्ह पलीकडे त्याच पुस्तिकांचा गठ्ठा टेबलावर रचत होता.

"बोल्ट टाइट हायत," रहिमतुल्ला म्हणाला.

संध्याकाळी खोलीवर त्याने नजीबला सगळं सांगितलं. नजीब त्याच कंपनीत, त्याच्याच शब्दावर आलेला, अजून वर्ष झालेलं नव्हतं. तो ऐकत गेला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"चाचा, तुमी बोललाव तर काय होईल म्हाईत हाय ना? कंपनी म्हनंल भोका बुजवली कोनी? विजा कॅन्सल. तुमचा आनी माजापन."

"आनी टावर पडला तर?"

"साठ वर्षा उबा हाय. उद्या पाच मिनटा घंटा वाजली म्हनून पडंल काय? घंटा वाजूं दे, मगं सांगू, तडा दिसला म्हनून. हळूच." नजीबने त्याचा गुडघा धरला. "तुमचा नाव छापलाय, चाचा. आख्ख्या गावात कोनाचा छापलाय?"

पोरगा चूक सांगत नव्हता, पाच मिनिटांत कदाचित काही झालंही नसतं. हा 'कदाचित'च रहिमतुल्लाला खात होता. आजवर त्याने कोणत्याही भिंतीबद्दल 'कदाचित' म्हटलं नव्हतं. मुलांची ती रांग डोळ्यांपुढून हलेना. शेवटी त्याने नजीबला एवढंच सांगितलं, "सकालचे शिरीषसाहेबाला बोलनार हाय मी."

बहरीनमध्ये शुक्रवार सुटीचा, म्हणून इंग्रजांची मोठी प्रार्थनाही शुक्रवारीच असते. दहाला त्यांची सुरू होणार होती, पावणेदहाला घंटा. रहिमतुल्लाची जुम्याची नमाज त्यानंतर. तो साडेआठला चर्चच्या फाटकात उभा होता, धुतलेला पांढरा सदरा घालून आणि खांद्याला हत्याराची पिशवी अडकवून.

शिरीष आला पावणेनऊला. रहिमतुल्लाने त्याला टॉवरच्या सावलीत नेलं आणि एका दमात सगळं सांगितलं: मीठ, सहा भोकं, बुजवलेलं सिमेंट. शिरीषचा चेहरा आधी कोरा झाला, मग पांढरा पडला.

"आत्ता सांगताय? मिस्त्री, आत्ता? मी सही केलीय त्या कागदावर!"

"माजी चूक हाय, साहेब. घंटा थांबवा."

शिरीष दोन पावलं गेला, परत आला. डोक्याने तल्लख माणूस, त्याला रस्ता सापडला. "ऐका. आपण सांगू, चौकटीचा एक बोल्ट तुटलाय, घंटा आज वाजवता येणार नाही. टॉवरचं दार बंद, सगळे ओसरीच्या दाराने आत. पुढच्या आठवड्यात आपण हळूच टेकू लावू, रिपोर्ट करू, जुनं बांधकाम म्हणून. कोणाला काही होणार नाही, तुम्हालाही नाही. कळलं?"

रहिमतुल्लाच्या छातीवरचा दगड उतरला. खरंच उतरला. माणसं वाचत होती, नजीब वाचत होता, नावही वाचत होतं. त्याने मान हलवली.

पण हार्ग्रीव्हने हे ऐकून घेतलं तर ना! साडेनऊ वाजले होते. नवा कोट, चकचकीत काळे बूट आणि कोटाला लावलेलं फूल, अशा थाटात तो आला होता. बोल्ट तुटला? हा माणूस पन्नास वर्षं इंजिनांत हात घालून जगलेला. शिरीष "सर, सर" करत असताना तो शिडीने वर चढलासुद्धा. वरून आठही बोल्ट एकेक करून हाताने हलवून पाहिल्याचा आवाज आला. घामाघूम होऊन खाली आला तेव्हा तोंडभर हसत होता.

"काही तुटलेलं नाही! पक्के आहेत सगळे. रहिम कधी बोल्ट सैल ठेवेल का?" आणि त्याने भिंतीवरच्या खुंटीचा दोर सोडला.

दाराबाहेर मुलं रांगेत उभी राहिली होती, पांढरे झगे घालून, एकमेकांना ढोसत. मागे माणसं जमत होती. शिरीष हार्ग्रीव्हच्या दंडाला धरून काहीतरी सांगत होता आणि म्हातारा हसून त्याचा हात बाजूला करत होता. त्याने दोर दोन्ही हातांत घेतला, पाय रोवले आणि वर पाहिलं.

रहिमतुल्लाने पिशवीतून हातोडा काढला आणि दाराशेजारच्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीवर, सगळी ताकद लावून हाणला.

हातोडा टणकन उलटा आला. भिंतीवर ओरखडासुद्धा नव्हता. त्याने दुसरा घाव घातला, तिसरा घातला. "रहिम! काय करतोस?" हार्ग्रीव्ह ओरडला, पण दोर ओढायचा थांबला. मुलांची कुजबुज बंद झाली. एकवीस दिवस पिकवलेलं ते प्लास्टर काही केल्या फुटेना. रहिमतुल्लाला रडू कोसळलं. आपण हे इतकं चांगलं का केलं, इतकं चांगलं का केलं, असं तो प्रत्येक घावाला मनात म्हणत होता. सातव्या घावाला केसाएवढी रेघ उमटली. त्याने तिच्यात छिन्नी घातली आणि मारत सुटला.

दाराएवढा एक तुकडा सुटून फरशीवर आपटला. त्याच्यामागून भिंत वाहत आली. दगडाचा एक धोंडा म्हणून नव्हता, नुसता पांढरा ओला लगदा. तो थांबेचना, हार्ग्रीव्हच्या काळ्या बुटांवर ढीग होईतो येतच राहिला. आत हात घातला तर खांद्यापर्यंत गेला असता, एवढी पोकळी दिसू लागली. वर कुठेतरी कट्ट असा आवाज झाला.

"बाहेर! सगळे बाहेर!" शिरीष गरजला. "यल्ला, यल्ला, लांब व्हा!" त्याने स्वतः मुलांना मागे रेटलं, हार्ग्रीव्हला काखेत धरून अंगणात नेलं आणि नजीबला टॉवरभोवती दोरी बांधायला लावली. दोनशे माणसं अंगणात उभी राहून टॉवरकडे बघत होती. टॉवर पडला नाही. दार ओलांडून आत जायची मात्र कोणाची छाती नव्हती.

हार्ग्रीव्हने बुटांवरचा पांढरा लगदा झटकला. मग त्याने शिरीषला विचारलं, "हे कसं झालं? कोणाची चूक?"

शिरीषजवळ उत्तर तयार होतं. "समुद्राचा दगड आहे, सर. साठ वर्षं जुना. जमिनीतलं मीठ. तुमच्या त्या पहिल्या इंजिनिअरलाही कल्पना नसणार. कोणाचीच चूक नाही."

हार्ग्रीव्हने मान डोलावली. त्याला ते पटलं होतं. त्याने रहिमतुल्लाकडे पाहून हातही पुढे केला, जीव वाचवल्याबद्दल. इथे सगळं संपत होतं. पुस्तिकांचा गठ्ठा टेबलावर होता, नाव जागेवर होतं.

"नो सर," रहिमतुल्ला म्हणाला.

"मिस्त्री, गप्प बसा," शिरीष मराठीत कुजबुजला. "मी सांभाळतोय ना सगळं."

"साहेब, त्या भितीवर आळ घेव नका. ती बरी होती. तिला मी मारली." मग तो हार्ग्रीव्हकडे वळला आणि त्याला येत होतं तेवढं सगळं इंग्रजी गोळा केलं. "वॉल गुड, सर. प्लास्टर नो गुड. प्लास्टर आय डू. वॉटर नो गो आऊट. ऑल स्टोन फिनिश."

हार्ग्रीव्ह त्याच्याकडे बघत राहिला. हळूहळू त्याचा चेहरा मऊ झाला. त्याने रहिमतुल्लाच्या खांद्यावर हात ठेवला. अठरा वर्षांमागे नेकीने केलेलं काम, त्या वेळी कोणाला कळलं असतं, असं काहीसं तो म्हणाला. रहिमतुल्लाला सगळे शब्द कळले नाहीत, पण माफी कळली. मग म्हाताऱ्याने सहज विचारलं, "आणि हे तुला कधी समजलं?"

शिरीषने डोळे मिटून घेतले. आज सकाळी, एवढे दोन शब्द पुरले असते.

रहिमतुल्लाने दोरीपलीकडच्या त्या फुटक्या भिंतीकडे पाहिलं. "ट्यूजडे, सर," तो म्हणाला. "होल आय क्लोज. आय हाइड."

मंगळवार. म्हाताऱ्याने मनात हिशेब लावलेला दिसला. बुधवारी त्याने हा हात हातात घेऊन हलवला होता. गुरुवारी याच्या डोळ्यांदेखत त्याने तीनदा दोर ओढला होता. खांद्यावरचा हात त्याने काढून घेतला, घाई न करता, आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

तो मुलांकडे वळला. आज प्रार्थना अंगणातच होईल, असं त्याने मोठ्या आवाजात जाहीर केलं आणि खुर्च्या मांडायला सांगितल्या. रहिमतुल्ला तिथेच उभा होता, पांढऱ्या सदऱ्यावर मिठाचा चिखल घेऊन. म्हाताऱ्याने दोन शब्द बोलावेत, शिवी दिली तरी चालेल, असं त्याला फार वाटत होतं. म्हातारा त्याच्याशी पुन्हा बोलला नाही.